पाकीट नको, चिठ्ठी पाठवा

प्रति,
पुण्यातील मोठ्या रुग्णालयांतील सर्व कन्सल्टंट डॉक्टर आणि रुग्णालयांची व्यवस्थापने यांस,

स. न. वि. वि.

मी भोरला फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागायचं, कापूरहोळला आत वळायचं, की पुढे भोर. माझ्याकडे गावातले लोक येतात, तसेच हिर्डोशी खोऱ्यातले, भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या काठच्या वाड्यांवरचेही येतात. ताप, जुलाब, साखर, बीपी, विंचू, बाळाचं वजन, सासूबाईंचा गुडघा, सगळं एकाच खोलीत बघतो. आवाक्याबाहेरचं असेल ते तुमच्याकडे पाठवतो. तुमच्या हातून माणसं बरी होतात हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. अॅटॅक येऊन गेलेला शेतकरी आठवड्याभरात स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरी चढून येतो, तेव्हा त्याच्या घरच्यांइतकाच मीही सुखावतो. तेव्हा या पत्रात तक्रार असली तरी ती घरच्या माणसाची आहे, एवढं आधी सांगतो.

मागणी एकच आहे. आमचा पेशंट घरी सोडताना त्याच्या फॅमिली डॉक्टरच्या नावानं एक चिठ्ठी लिहा.

तुम्ही म्हणाल, डिस्चार्ज कार्ड देतोच की. देता, आणि ते चांगलं जाडजूड असतं. रोजच्या रक्ततपासण्यांचे आकडे, सोनोग्राफीचा अहवाल, ऑपरेशनच्या नोंदी, सगळं त्यात असतं. पण आधी चालू असलेली कोणती गोळी बंद केली आणि का केली, नवी कोणती सुरू केली आणि ती किती दिवस द्यायची, या दोन गोष्टी मला त्या कार्डात शोधाव्या लागतात आणि पुष्कळदा सापडतच नाहीत. शिवाय मूळ कागद मेडिक्लेमला जमा झालेले असतात. पेशंट सांगतो, "फोटो आहे मुलाच्या मोबाईलमध्ये." मुलगा चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला असतो. दिवसा झोपलेल्या मुलाला उठवून फोटो मागवायचा, आणि तो अर्धा अंधारात काढलेला असतो.

एका आजींचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. सत्तरी ओलांडलेली बाई, हृदयासाठी एका रुग्णालयात उपचार चालू. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला म्हणून दुसऱ्या रुग्णालयात दाखल केलं. तिथून बऱ्या होऊन आल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्हाणीत पडल्या. मनगट मोडलं. नातू त्यांना घेऊन आला तेव्हा मी गोळ्या बघायला मागितल्या. त्यानं कापडाच्या दुकानाची एक पिशवी टेबलावर रिकामी केली. मी पट्ट्या एकेक करून लावत गेलो. एका पट्टीत टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी होती. दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या रंगाच्या पट्टीतही टेल्मिसार्टनच, पण अॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबर. तिसरी लघवी वाढवणारी. नातवानं दोन्ही रुग्णालयांच्या कागदांबरहुकूम इमानेइतबारे गोळ्या दिल्या होत्या, एकही चुकवली नव्हती. आजींचं बीपी झोपवून ९०/६०. उभं करायचं माझं धाडस झालं नाही.

यात कुठल्याच डॉक्टरनं चुकीचं औषध लिहिलं नव्हतं. पहिल्यानं बीपीसाठी जे द्यायला हवं ते दिलं, दुसऱ्यानंही तेच दिलं. दोघांच्या मधे मी होतो, आणि मला कुणीच काही कळवलं नव्हतं. "आधीची टेल्मिसार्टन बंद करून ही नवी दिली आहे", एवढं एक वाक्य कुणी लिहून दिलं असतं तर ते मनगट मोडलं नसतं.

असाच प्रसंग दातांच्या डॉक्टरांमुळे येतो. दाढ काढायची आहे, पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतोय, त्या थांबवायच्या का, असं आमचे डेंटिस्ट मला विचारतात. प्रश्न बिनचूक आहे. उत्तर द्यायला मला कळायला हवं की स्टेंट कधी बसवली, औषध लावलेली होती का, अॅटॅकमध्ये बसवली की ठरवून, आणि अॅस्पिरिनच्या जोडीची दुसरी गोळी किती महिने द्यायचं तुमच्या मनात आहे. अॅटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या चालतात. मधेच कुणी थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस दाढेपायी जिवाला मुकू शकतो. उलट काहींना वर्षानुवर्षं दोन्ही गोळ्या चालूच राहतात, कारण कधी थांबवायच्या हे कुणी लिहिलेलंच नसतं, आणि मग एक दिवस पोटात रक्तस्राव होऊन काळी शौच होऊ लागते. पेशंटला विचारलं तर तो म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आयुष्यभर." काय आयुष्यभर, अॅस्पिरिन की दोन्ही? ते त्याला माहीत नसतं, आणि माहीत असावं अशी अपेक्षाही मी करत नाही.

झडपेचं ऑपरेशन झालेल्या बायकांचं आणखी अवघड. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, किती ते रिपोर्टवर दिसतं, पण या बाईचा आयएनआर किती ठेवायचा तुम्ही ठरवलंय ते कुठेच नसतं. महाधमनीच्या झडपेला एक पातळी, मिट्रलला त्याहून वरची. घसा दुखतोय म्हणून मी दिलेल्या एखाद्या साध्या अँटिबायोटिकनंही तो आकडा उड्या मारू शकतो. किडनीचंही तसंच. तुमच्याकडे दाखल असताना क्रिएटिनिन १.९ पर्यंत गेलं होतं, म्हणजे किडनी अडचणीत होती, हे मला कळलं नाही, तर गुडघा धरला म्हणून आलेल्या त्याच माणसाला कुणीतरी डायक्लोफिनॅक हे किडनीला बाधणारं वेदनाशामक टोचून मोकळं होणार.

ही चिठ्ठी म्हणजे मी मागतोय ते उपकार नव्हेत. भारतीय वैद्यक परिषदेनं २००२ मध्ये डॉक्टरांसाठी आचारसंहितेचे नियम केले. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, की पेशंट तज्ज्ञाकडे पाठवताना पाठवणाऱ्या डॉक्टरनं केसचा सारांश द्यावा, आणि तज्ज्ञानं आपलं मत त्या डॉक्टरला लेखी कळवावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित ठेवले, त्यामुळे २००२ चे नियमच पुन्हा लागू झाले. याच नियमांनुसार पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात. हे कलम पुण्यातल्या रुग्णालयांना पाठ आहे, कारण त्यावरून वकिलाची नोटीस येऊ शकते. लेखी मत कळवण्याच्या कलमावरून नोटीस येत नाही. ते विस्मरणात जाण्याचं दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

आता पाकिटाबद्दल. हे न लिहून चालणार नाही.

आपल्या दोघांमधला चिठ्ठीचा रस्ता नुसता आळसानं बुजलेला नाही. त्यावर पैसे येऊन पडले आहेत. तुमच्या रुग्णालयांची मार्केटिंगची मुलं तालुक्याच्या गावांत फिरतात. दिवाळीला मिठाईचा डबा येतो, हॉटेलातल्या व्याख्यानाचं आणि जेवणाचं आमंत्रण येतं, आणि पेशंट पाठवला की किती टक्के हेही खालच्या आवाजात सांगितलं जातं. त्याला रेफरल फी म्हणा नाहीतर सर्व्हिस चार्ज, येतं ते पेशंटच्याच बिलातून. म्हणजे दागिना मोडून किंवा सोसायटीचं कर्ज काढून भरलेल्या पैशातून. त्याच २००२ च्या नियमांत हे निषिद्ध आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. कायदा काही झाला नाही. आमच्यातले काही घेतात, तुमच्यातले काही देतात. दोघांवरही माझा सारखाच राग आहे.

यात सगळ्यात मोठं नुकसान झालंय ते विश्वासाचं. मी चिठ्ठी लिहायला घेतली की पेशंटचा मुलगा विचारतो, "डॉक्टर, तिथंच का पाठवताय?" त्याचं चुकत नाही. त्यानं ऐकलेलं असतं. मी कारण सांगतो, कधी पटतं, कधी नाही, आणि न पटलं तर तो भलत्याच ठिकाणी जातो नाहीतर जातच नाही. तुमच्याकडून मला चिठ्ठी आली, त्यात काय निघालं आणि पुढं काय करायचं ते लिहिलेलं असलं आणि मी ती त्याच्यासमोर मोठ्यानं वाचली, तर आपल्या दोघांमध्ये काय चालतं ते त्याला डोळ्यांनी दिसेल. तुमच्या मार्केटिंगच्या मुलाकडे माझा नंबर आहे, दवाखान्याची वेळ आहे, माझा वाढदिवससुद्धा आहे. तोच नंबर तुमच्या वॉर्डात का नसावा?

आमच्या चिठ्ठ्यांबद्दलही बोललं पाहिजे. "प्लीज डू द नीडफुल" एवढं लिहून खाली सही करणारे डॉक्टर आमच्या बाजूला पुष्कळ आहेत, आणि अशा कागदावर तुम्ही काय उत्तर लिहिणार? पण नीट लिहिलेल्या चिठ्ठीचं काय होतं तेही ऐका. आषाढात भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे सर्पदंश येतात. इथल्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू होतात आणि श्वास किंवा किडनी अडचणीत आली की पेशंट पुण्याला जातो. अशा वेळी चिठ्ठीत चावल्याची वेळ लिहावी लागते. पहिल्यांदा तपासलं तेव्हा पापण्या जड होत्या का, कोरड्या काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त २० मिनिटांत गोठलं का, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती बाटल्या दिल्या आणि शेवटची किती वाजता संपली, हेही लागतं. रक्त गोठलं नसेल तर घोणसीचा संशय, पापण्या मिटत असतील तर मण्यार किंवा नाग. ही माहिती पहिल्या दोन तासांनंतर पुन्हा कुठून मिळवणार? अशी एक चिठ्ठी मी लिफाफ्यात घालून दिली होती. माणूस वाचला, तुमच्याच लोकांनी वाचवला, त्याबद्दल मी कायमचा ऋणी आहे. पण पंधरा दिवसांनी तो दाखवायला आला तेव्हा त्याच्या भावाच्या खिशातून तो लिफाफा निघाला. डिंक लावलेला तसाच, न उघडलेला. कॅज्युअल्टीत त्यांना "हे ठेवा तुमच्याकडेच" असं सांगितलं होतं.

पुण्याच्या फेऱ्यांचंही एकदा मनावर घ्या. हिर्डोशीच्या पुढच्या वाडीतला माणूस पंधरा दिवसांनी 'दाखवायला' येतो म्हणजे काय करतो? पहाटेची एसटी धरून भोर, तिथून स्वारगेट, पुढे रिक्षा. सोबत एक जण लागतोच, म्हणजे दोघांचा दिवस आणि दोघांची मजुरी गेली. मग तीन-चार तास बाकावर. आत गेल्यावर बीपी बघितलं जातं, टाके बघितले जातात आणि 'सेम मेडिसिन' असं लिहून मिळतं. यातली दहापैकी बरीच कामं भोरला होतात. टाके मी काढतो, साखर आणि क्रिएटिनिन इथल्या लॅबमध्ये होतं, ईसीजी माझ्याकडे आहे. काय बघायचं, कोणता आकडा ओलांडला तर परत पाठवायचं, आणि तुम्हाला स्वतःला त्याला कधी बघायचंय, एवढं लिहून द्या. तुमच्या ओपीडीतली गर्दीही तेवढीच हलकी होईल.

सरकारी योजनांनीही या दुव्याकडे फारसं पाहिलेलं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ती योजना नसती तर माझे कितीतरी पेशंट आज नसते. पण तिचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. घरी आल्यावर रोजचं बीपी आणि साखर आटोक्यात ठेवणं हे ज्याच्या त्याच्या खिशावर आणि गल्लीतल्या डॉक्टरवर येतं. २०२१ च्या सप्टेंबरपासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे, १४ आकडी आभा नंबरही लोकांनी काढलेत. कागद उद्या संगणकावर सापडतीलही. पण या गोळीनं या आजींना चक्कर येऊ शकते, लक्ष ठेवा, हे एका डॉक्टरनं दुसऱ्याला सांगायचं असतं. संगणकावरच्या चाळीस पानांतून ते आपोआप वर येत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणजे जुन्या काळातली एक हळवी आठवण, असं तुमच्यातल्या काहींना वाटतं. त्यांच्यासाठी नॉर्वेतलं संशोधन सांगतो. २०२२ मध्ये ते ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आलं. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. एकाच फॅमिली डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ असलेल्यांची तुलना जेमतेम वर्षभर असलेल्यांशी केली, तेव्हा पहिल्या गटात तातडीनं दाखल होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसलं. २०१८ मध्ये बीएमजे ओपनमध्ये अशाच २२ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यातल्या १८ अभ्यासांत डॉक्टर तोच राहिला की मृत्यू कमी, असं दिसलं. नॉर्वे आणि भोर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मान्य. पण माणसाला ओळखणारा डॉक्टर ही ताकद इथं आयती हजर आहे. माझ्याकडे केसपेपर घरानुसार लावलेले आहेत. एका फाईलमध्ये आजोबांची साखर, मुलाचं बीपी, सुनेचं थायरॉईड. या घरात पन्नाशीच्या आत दोघांना अॅटॅक आलेत हे मला तिसऱ्याच्या आधी माहीत असतं. तुम्हाला ते हवं असेल तर विचारा. आजवर विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यांची नावं मी कृतज्ञतेनं लक्षात ठेवली आहेत.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडले, तेव्हाही हाच दुवा महत्त्वाचा होता. पायातली ताकद गेल्यावर माणूस तुमच्याकडे येतो. त्याच्या आधी त्याला जुलाब झालेले असतात, आणि जुलाबांसाठी तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलेला असतो. त्या दवाखान्यात वेळेवर शब्द पोचला, तर पुढच्या जुलाबाच्या पेशंटला डॉक्टर सांगेल, की मुंग्या आल्या किंवा जिना चढताना पाय लटपटले तर थांबू नका.

आता एक प्रसंग लिहितो, तो लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. जठराचा कॅन्सर झालेला एक माणूस. पुण्यात ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि मग त्याला घरी पाठवलं. मला कुणी काही कळवलं नव्हतं. भाताच्या काढणीचे दिवस होते, रात्री त्याच्या पुतण्याचा फोन आला म्हणून मी घरी गेलो. माणूस कळवळत होता. ओटीवर बसून मी फाईल चाळत होतो आणि त्याची बायको दारात उभी राहून विचारत होती, "पुढची केमो कधीय, डॉक्टर? तारीख दिली नाही त्यांनी." शेवटच्या पानावर इंग्रजीत तीन शब्द होते, बेस्ट सपोर्टिव्ह केअर. आता केमो नाही, दुखणं कमी ठेवायचं एवढंच उरलंय, हा त्याचा अर्थ त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हता. तो मला तिथे, त्या ओटीवर सांगावा लागला.

सांगणं माझंच काम आहे, मी ते टाळणार नाही. या माणसांच्या घरात शिरून खाली बसून बोलणं तुमच्यापेक्षा मला सोपं जातं. पण त्यासाठी मला आधी कळायला हवं होतं. पेशंटला स्वतःला किती माहीत आहे, घरच्यांपैकी कुणाशी काय बोलणं झालंय, दुखण्यासाठी तुम्ही काय सुरू केलंय आणि ते वाढवायचं तर कसं. मॉर्फिन आमच्या तालुक्यातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते कुठून आणायचं, कुणाच्या नावानं, संपण्याच्या किती दिवस आधी माणूस पाठवायचा, हे पुण्याहून निघतानाच ठरलं असतं तर त्या माणसाच्या त्या रात्री टळल्या असत्या. तुमचे उपचार संपतात तिथे माझे संपत नाहीत. निदान अशा पेशंटच्या वेळी तरी, अँब्युलन्स निघायच्या आधी एक फोन करा.

तुम्हाला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. ही चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहावी असं नाही. रेसिडेंटनं दहा ओळी लिहाव्यात, तुम्ही वाचून सही करावी. औषधं कंपनीच्या नावानं नकोत, मूळ नावानं लिहा. जे रिपोर्ट अजून यायचे आहेत, बायोप्सी किंवा कल्चर, तेही लिहा, कारण ते नंतर न्यायला कुणी येत नाही. सगळ्यांसाठी एकदम जमत नसेल तर साठीच्या पुढचे, स्टेंटवाले, इन्सुलिनवाले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचे यांच्यापासून सुरुवात करा. व्यवस्थापनांना एवढंच सांगणं आहे, की तुमच्या अॅडमिशन फॉर्मवर मेडिक्लेम कंपनीसाठी रकाना आहे, त्याच्या शेजारी फॅमिली डॉक्टरचं नाव, गाव आणि फोन यासाठी एक रकाना छापा. मार्केटिंगवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहितो. सुवाच्य चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी, आधीचे ईसीजी आणि रिपोर्ट, आणि तुम्ही पाठवलेल्या पेशंटचं पुढं काय झालं त्याचं उत्तर. भोरमधल्या माझ्या काही डॉक्टर मित्रांशी बोलणं झालंय, त्यात बीएएमएस आणि बीएचएमएस झालेलेही आहेत. इथल्या वाड्यावस्त्यांचा भार मोठ्या प्रमाणात त्यांच्याच खांद्यावर आहे, तेव्हा चिठ्ठी लिहिताना पदवी बघून हात आखडू नका.

चिठ्ठी पेशंटच्या हातात द्या आणि तिचा फोटो मला पाठवा, दोन्ही करा, कारण धरणापलीकडच्या वाड्यांवर रेंज मिळेलच असं नाही. फोन करायचा असेल तर दुपारी २ ते ४ दवाखाना बंद असतो, त्या वेळेत निवांत बोलता येईल. रात्रीही मी फोन उचलतो.

कळावे,

आपला,
भोर येथील एक फॅमिली डॉक्टर